पेढीची वेळ

५ मार्च, बुधवार

चांदसाहेबांच्या पेढीचं काम मिळालं. तासगावात बेदाण्याच्या पेढ्या पुष्कळ आहेत, पण स्वतःचा सर्व्हर आणि स्वतःचं डोमेन, म्हणजे सगळे कंप्युटर एका सर्व्हरच्या हुकमात ठेवणारी व्यवस्था, असलेली माझ्या माहितीत ही एकच, आणि ते दोन्ही मी उभं केलेलं आहे. कुठल्या कोर्सला गेलो नाही. आधी रेडिओ उघडून शिकलो, मग टीव्ही, मग कंप्युटर. वडील आटपाडीच्या माळावर मेंढरं घेऊन फिरले, मी वायरी घेऊन फिरतो.

आता त्या डोमेनला नेटवर्क स्टोरेज जोडायचं. पेढीवर सगळे त्याला पेटीच म्हणणार, म्हणून मीही पेटीच लिहितो. साहेबांना नीट समजावलं. आत्ता बेदाण्याच्या नमुन्यांचे फोटो एका कंप्युटरवर, शीतगृहाच्या पावत्या दुसऱ्यावर, परदेशी मालाचे कागद तिसऱ्यावर. ते सगळं पेटीत येईल. सर्व्हर माणूस ओळखणार आणि पेटी त्या माणसापुरतंच उघडणार.

साहेब म्हणाले, "म्हणजे कपाट एकच, पण ज्याच्या त्याच्या कप्प्याला ज्याची त्याची किल्ली."

पासष्टीच्या माणसाला एका दमात कळलं. बरं वाटलं.

निघताना त्यांनी आणखी एक काम सांगितलं. पेढीच्या भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या वडिलांनी लावलेलं. ते दहा-बारा मिनिटं पुढं ठेवायची इथली रीत आहे, म्हणजे सौद्याला आपला माणूस सगळ्यांच्या आधी पोचतो. कंप्युटरवर वेगळी वेळ दिसते म्हणून पोरं वाद घालतात. "सर्व्हरचं टायम भिंतीशी जुळवून टाक बाबा, एकदाचा तंटा मिटू दे."

सर्व्हर इंटरनेटवरून वेळ घेत होता, ते बंद केलं आणि भिंतीकडे बघून हातानं वेळ लावली, सेकंदासकट. बाकीचे कंप्युटर सर्व्हरचं ऐकतात, ते आपोआप जुळले. माझं मनगटावरचं घड्याळही जुळवून घेतलं. पेढीचं काम तर पेढीची वेळ.

ऑफिस सांभाळणारी रेश्मा हसली. "काका, माझी कुंडलची एसटी काय ह्या घड्याळावर सुटत नाही हं."

मी म्हणालो, "मग एसटीला सांगा जुळवून घ्यायला."

७ मार्च, शुक्रवार

पेटीसाठी जागा पाहिली, वायर ओढली. भिंतीत खिळे सरळ रेषेत मारले, दोरी लावून. कुणी बघणार नाही, पण मला दिसतं.

रोज्याचे दिवस आहेत. संध्याकाळी साहेब खजूर हातात धरून बसले होते. भिंतीवरच्या घड्याळात रोजा सोडायची वेळ होऊन गेली होती, तरी ते थांबलेले. मशिदीतून बांग आली तेव्हाच खजूर तोंडात टाकला. मी म्हणालो, "साहेब, पेढीच्या वेळेनं कधीच झालं होतं." ते म्हणाले, "अरे, ती वेळ धंद्याची. अल्लाला ती चालत नाही." आम्ही दोघं हसलो. मलाही त्यांनी एक खजूर दिला.

१० मार्च, सोमवार

पेटी आली. चार डिस्क बसवल्या, आवाज गोड आहे. इंटरनेट लावल्याबरोबर तिनं स्वतःची वेळ, तारीख, सगळं स्वतः घेतलं. हुशार यंत्र. उद्या डोमेनला जोडणार.

११ मार्च, मंगळवार

जोडली गेली नाही.

पेटी डोमेनमध्ये घ्यायची तर सर्व्हरच्या मुख्य खात्याचा पासवर्ड लागतो. तो फक्त रेश्माकडे असतो, साहेबांनीच तसं ठरवलंय. तिनं टाकला. पासवर्ड टाकताना मी नेहमी पाठ फिरवून उभा राहतो. गिऱ्हाइकाचा पासवर्ड बघायचा नाही, हा माझा नेम आहे. आजकालची शिकलेली पोरं हा पाळत नाहीत.

पेटीनं नकार दिला. परत टाकला, परत नकार. लाल चौकटीत इंग्रजी मजकूर आला. पहिल्या ओळीचा अर्थ, नाव आणि पासवर्ड तपासा. खाली आणखी दोन ओळी होत्या, पण कारण वरच कळल्यावर खाली कशाला उतरायचं?

रेश्माला विचारलं, "बदललाय का?" ती म्हणाली, "नाही काका. सर्व्हरवर हाच चालतो, बघा." आणि खरंच सर्व्हरवर चालला. हे काही मला पटेना. एकच पासवर्ड इथं चालतो आणि तिथं चालत नाही?

१२ मार्च, बुधवार

सकाळी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पुण्याची मुलगी होती, आवाजावरून पंचविशीची. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "सर, सर्व्हरची वेळ तपासली का?"

मला राग आला. मी म्हणालो, "वेळ मी स्वतः लावलेली आहे. सेकंदासकट."

"ओके सर. मग पासवर्डच असणार. मुख्य खातं ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून खात्री करून घ्या."

म्हणजे माझंच खरं होतं.

पेढीवर गेलो. सौद्याचा दिवस, गर्दी होती. चार हमाल, बेदाणा घेऊन आलेले शेतकरी, त्यांत कुंडलचा तानाजी बागायतदार. सगळे साहेबांच्या गादीभोवती चहा घेत बसलेले. रेश्मानं परत पासवर्ड टाकला. या वेळी मी पाठ फिरवली नाही. तिच्या बोटांकडे बघत उभा राहिलो. तिच्या ते लक्षात आलं. तिनं हात आखडले, मग टाकला. परत नकार.

मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो. दैनंदिनीत खोटं लिहायचं नाही, हाही माझा नेम आहे.

"बाई, खरा पासवर्ड द्यायचा नसेल तर तसं सांगा. ह्या पेटीत कोण कधी काय उघडतो ते सगळं नोंदलं जाणार आहे. काही लोकांना ते नको असतं."

चहाचे कप थांबले. रेश्मा म्हणाली, "काका, मी आठ वर्षं हितं बसतीय." एरवी ती असं बोलत नाही, शुद्ध बोलते.

तानाजीनं कप खाली ठेवला. "आठ वर्षं लय हुतात की," एवढंच म्हणाला आणि साहेबांकडे बघितलं. साहेब समोरची पावती वाचत राहिले.

तिकडे बघणं मला बरोबर वाटलं नाही, म्हणून मी पेटीच्या दिव्यांकडे बघत राहिलो. चारही हिरवे होते.

१३ मार्च, गुरुवार

आज होळी. पेढीवर थोडा वेळ गेलो. रेश्मानं किल्ल्यांचा जुडगा आणि पासवर्डची चिठ्ठी साहेबांच्या समोर ठेवली. "तुमच्यासमोर टाकून बघा साहेब, आणि मला मोकळं करा." साहेबांनी "अगं बस, चहा घे" म्हटलं, पण "जाऊ नको" म्हटलं नाही. हा फरक मला ऐकू आला.

ती गेली. दारातून माझ्याकडे न बघता गेली.

चिठ्ठीवरचा पासवर्ड टाकला. नकार. साहेबांना म्हणालो, "बघा." साहेब म्हणाले, "हं." मला वाटलं होतं, सिद्ध झालं म्हणून बरं वाटेल.

घरी पुरणपोळी होती. मंगलनं वाढताना विचारलं, "कुंडलच्या रेश्मानं पेढीवर काय केलं म्हनं?" बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. मी म्हणालो, "अजून तपास चालू आहे." ती म्हणाली, "तपास? तुमी काय फौजदार हाय?"

१६ मार्च, रविवार

मंगलची यमाईची ओटी राहिली होती, म्हणून औंधला गेलो. विट्यापर्यंत एक गाडी, पुढं दुसरी. डोंगर चढलो, देवीला काय मागायचं ते सुचलं नाही. मंगलनं माझ्या वाटणीचंही मागून घेतलं.

परतीची गाडी चारची. स्टँडवर गाडी उभी, आणि कंडक्टर झाडाखाली आरामात चहा पीत होता. माझ्या घड्याळात चार कधीच वाजून गेले होते. मी त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो. "सरकार पगार चहा प्यायला देतं का? लोकांच्या वेळेला काही किंमत आहे की नाही?" आणखीही बरंच बोललो. मी नियमानं बोलतो, शिव्या देत नाही, पण आवाज चढला होता. माणसं गोळा झाली.

कंडक्टर तरुण पोरगा होता. चिडला नाही. "काका, चार वाजायला अजून येळ हाय." आणि स्वतःचा मोबाईल माझ्यापुढं धरला. मागून एकानं स्वतःचा धरला, मग एका कॉलेजच्या पोरीनं. तिन्हीकडे एकच वेळ. माझ्या मनगटावर वेगळी.

"घड्याळ पुढं हाय तुमचं काका. फास्ट माणूस दिसताय!" सगळे हसले.

मंगलनं मला कोपराला धरून बाजूला घेतलं. "आवं, कुनाकुनाला खोटं पाडायचं तुमी? परवा ती पोरगी, आज ह्यो कंडक्टर. घड्याळ मातर तुमचंच खरं!"

  स्टँडवर उभ्या उभ्याच मी हिशेब लावला. पेटीनं वेळ इंटरनेटवरून घेतली होती. सर्व्हरची वेळ मी भिंतीवरून लावली होती. पुण्याच्या मुलीनं पहिला प्रश्न कुठला विचारला होता?

गाडी बरोबर चारला सुटली. खिडकीतून काहीही बघितलं नाही.

१७ मार्च, सोमवार

पेढी उघडण्याआधी जाऊन थांबलो. लाल चौकट परत आणली आणि खालच्या दोन ओळी मोबाईलवर एकेक शब्द घालून वाचल्या. "किंवा दोन्ही यंत्रांच्या घड्याळांत मोठा फरक आहे. वेळ जुळवून पुन्हा प्रयत्न करा."

तिथंच लिहिलेलं होतं. पहिल्या दिवसापासून.

नियम असा आहे की दोन घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असला तर सर्व्हर ओळख मानत नाही. कुणी जुनी ओळख चोरून, वेळ टळून गेल्यावर तीच दाखवून आत शिरू नये, म्हणून. चोर बाहेर ठेवायची सोय ती, आणि मी तिच्यावरून घरातल्या माणसाला चोर ठरवलं.

सर्व्हर परत इंटरनेटच्या वेळेवर टाकला. रेश्माच्या चिठ्ठीतलाच पासवर्ड, एक अक्षर न बदलता. पेटी पहिल्या झटक्यात जोडली गेली.

पुढचं लिहायला हात चालत नाही, पण लिहितो.

साहेब आले. "झालं का धनाजी?" मी म्हणालो, "झालं." ते म्हणाले, "मग तिनं बदललाच होता म्हणायचा, आणि तू खरा शोधून काढलास. बरं झालं, तू पकडलंस." आणि मी गप्प बसलो. गप्प बसायला फार वेळ लागला नाही. साहेब आत गेले, मग तेवढं बोलायची वेळही गेली. त्यांनी माझ्यासाठी चहा पाठवला. तो मी प्यालो.

१९ मार्च, बुधवार

काल काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही केलंच नाही.

आज मंगलला सांगितलं, घड्याळाचं आणि साहेबांपुढं गप्प बसल्याचं, सगळं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग आजून हितं काय करताय?"

मी म्हणालो, "माझं नाव जाईल. उद्या मला कोण काम देईल? शिकलेला असतो तर एक चूक माफ असते. न शिकलेल्याची एक चूक म्हणजे, बघा, शेवटी धनगराचंच पोर."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. "तिचं न्हाई व्हय गेलं नाव? का तिला नावच नव्हतं?"

२० मार्च, गुरुवार

कुंडलला गेलो. रेश्माचं घर विचारलं तर पानपट्टीवाल्यानं "ती तासगावच्या पेढीवरची?" असं विचारताना सुपारी कातरायची थांबवून माझ्याकडे बघितलं. तानाजीनं गावात काय काय सांगितलं असेल ते त्या बघण्यात होतं.

दारात तिची सासू बनाबाई बसल्या होत्या. मी नाव सांगितलं. त्या उठल्या नाहीत, बसा म्हणाल्या नाहीत. आत बघून हाक मारली, "रेश्मे, त्यो पेटीवाला आलाय गं. आता काय इसरलंय बघ जा त्याचं."

रेश्मा बाहेर आली. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. घड्याळ, दोन ओळी, पुण्याची मुलगी. सवयीनं मी जरा तपशिलात शिरलो, पाच मिनिटांचा नियम समजावून सांगायला लागलो. तिनं हात वर केला.

"काका, मला काय सांगताय? पासवर्ड बरोबर होता हे मला त्याच दिवशी माहीत होतं."

"चूक झाली माझी. माफी मागायला आलोय."

"हितं आमच्या उंबऱ्यावर? हितं ऐकायला कोण हाय? ह्या दोन शेरड्या?" तिचा आवाज वाढला नाही. "त्या दिवशी तुमी माझ्या बोटांकडं बघत हुता ना, ते तानाजी आबांनी बघितलं, हमालांनी बघितलं. माझ्या नवऱ्याला पारावर लोकं इच्यारत्यात. जिथं बोललात तिथं बोला काका. न्हाईतर बोलू नका."

बनाबाईंनी मला पाणी दिलं. तांब्या हातात दिला नाही, कट्ट्यावर ठेवला. पण दिलं.

२२ मार्च, शनिवार

आज सौदा होता. मुद्दाम आजच गेलो, म्हणजे तीच माणसं असतील. होती. चार हमाल, शेतकरी आणि तानाजी, त्याच कोपऱ्यात.

मी गादीसमोर उभा राहिलो. घरून काय बोलायचं ते ठरवून आणलं होतं, त्यातलं निम्मं विसरलो. म्हणालो, "पासवर्ड बरोबर होता. रेश्मानं काही बदललं नव्हतं. सर्व्हरची वेळ मी भिंतीवरच्या घड्याळाला जुळवली, म्हणून पेटी जोडली जाईना. चूक माझी होती."

 मग तानाजीनं भिंतीकडे बघितलं आणि मांडीवर थाप मारली. "म्हंजे ह्या घड्याळानं यंत्राला बी गंडवलं व्हय! आरं गड्यांनो, आमी इतकी वर्सं हितं येतोय, म्हंजे आमी बी सगळे दहा मिन्टं आधीच म्हातारं झालो की रं!"

हास्याचा लोंढा आला. हमाल हसले, साहेबांच्या पोटाला हिसके बसले. मलाही हसू आलं. खोटं का लिहू, सुटल्यासारखं वाटलं. चूक झाली, गंमत झाली, संपलं. एक जण म्हणाला, "धनाजी, माझ्या बायकूच्या मोबाइलचं बी टायम बघ जरा, ती बी माझी ओळख मानंना!" पुन्हा हसणं.

त्यातून बाहेर पडायला दारच दिसेना. सगळे हसत होते, आणि रेश्माचं नाव कुणाच्या तोंडात नव्हतं. तिची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर कुणीतरी बेदाण्याचा नमुन्याचा बॉक्स ठेवला होता.

मी म्हणालो, "हसू नका." आवाज बारीक निघाला. परत म्हणालो. "हसू नका. मी तुमच्या सगळ्यांसमोर त्या बाईला चोर ठरवलं. ती चोर नव्हती. मशीन दोन ओळी खाली खरं सांगत होतं, ते मी वाचलं नाही. सोमवारी कारण कळलं, तरी साहेबांपुढं गप्प बसलो. चहा प्यालो. तानाजीराव, तुम्ही ही गोष्ट कुंडलला नेली होती. आता हीसुद्धा न्या."

तानाजीचं हसणं गालावरच राहिलं. त्यानं टोपी काढून झटकली, परत घातली. "नेतो," म्हणाला.

साहेबांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "रोज्याच्या महिन्यात मी आठ वर्षांच्या माणसावर शक घेतला. तोंडानं नाही, पण घेतला. अन्न-पाणी सोडून काय उपयोग मग?" आणि माझ्याकडे बघून, "सोमवारी सांगितलं असतंस तर पाच दिवस वाचले असते, धनाजी." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

घड्याळाकडे बोट करून हमालाला म्हणाले, "काढ रे ते. अब्बांची वस्तू आहे, घरी नेतो. पुढं चालायचं असेल तर घरी चालू दे."

२६ मार्च, बुधवार

साहेब स्वतः कुंडलला जाऊन आले, असं कळलं. मला बरोबर घेतलं नाही. ते योग्यच.

काम कमी झालंय. सांगलीच्या एका दुकानानं "नंतर कळवतो" म्हटलं. लोकांना गोष्ट माहीत झाली आहे आणि तानाजी ती रंगवून सांगतो. त्यात मी बराच मूर्ख असतो. दुरुस्त करावासा वाटतो त्यातला तपशील, विशेषतः पाच मिनिटांचा. करत नाही.

२ एप्रिल, बुधवार

ईद झाली. साहेबांनी शीरखुर्म्याचा डबा पाठवला आणि निरोप दिला, पेटीचं राहिलेलं काम पूर्ण करून जा.

रेश्मा तिच्या खुर्चीवर होती. कामावर परत आली ती एका अटीवर, असं हमालानं सांगितलं: मुख्य खात्याचा पासवर्ड नवा ठेवायचा आणि तो फक्त तिनंच टाकायचा. माझ्याशी कामापुरतं बोलली. मी प्रत्येकाचा कप्पा उघडून दाखवला, ज्याचं त्याला दिसतं, दुसऱ्याचं दिसत नाही. वेळ मोबाईलशी ताडून पाहिली. लाल चौकट आली तर शेवटपर्यंत वाचायची, हेही सांगितलं. ती म्हणाली, "ते मला सांगू नका काका."

शेवटी नवा पासवर्ड टाकायचा होता. तिनं कीबोर्ड पुढं ओढला आणि थांबली. माझ्याकडे बघितलं नाही, नुसती थांबली.

मी पाठ फिरवली.

समोर भिंत होती. घड्याळ काढलेल्या जागी चुना गोल, पांढरा राहिला आहे, भोवतीची भिंत धुरकटलेली. मधोमध खिळा तसाच. मागं कीबोर्डची बटणं वाजायला लागली, सावकाश, एकेक. मग थांबली. झालं की नाही, ते तिनं सांगितलं नाही.

मी तसाच उभा राहिलो.